आतून बदलणारी क्रियापदं

“‘हाट’ म्हणाली की ‘इस्ट’?” जर्मनच्या बाईंनी विचारलं, आणि वर्गातलं हसू ओसरायच्या आत त्याला कळून चुकलं की आपण सांगितली ती गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मंगळवारचा वर्ग होता. दिवसा जिथे तिसरीची मुलं बसतात त्या खोलीत, त्यांच्याच बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन सात मोठी माणसं बसली होती आणि प्रत्येकानं रविवारी घडलेली एक गोष्ट भूतकाळात सांगायची होती. त्यानं आपली गोष्ट दोन दिवस घोळवून आणली होती. रविवारी मी नातीशी फोनवर बोललो. मी विचारलं, पप्पा कुठे आहेत? ती म्हणाली, ‘पापा इस्ट आउसगेत्सोगेन.’ आउसत्सीएन म्हणजे अंगावरून उतरवणं. कपड्यांच्या धड्यात ते क्रियापद चारदा आलं होतं, कोट उतरवणं, बूट उतरवणं. म्हणजे पप्पा कपडे काढून बसलेत! शेजारच्या बाकावरची नर्स खुदकन हसली, मागचे दोघे इंजिनियर हसले, तोही हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. बोटांत खडू फिरवत त्यांनी तो प्रश्न विचारला.

“इस्ट,” तो म्हणाला. त्याला आठवावंही लागलं नाही. एकतीस वर्षं तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत आला होता. भिंग बदलून ‘हे बरं की हे?’ विचारल्यावर माणूस काय म्हणतो ते अचूक टिपायची त्याच्या कानाला सवय होती. ‘पहिलं’ म्हणायच्या आधी माणूस जो श्वास घेतो तोसुद्धा त्याला ऐकू यायचा. “कपडे काढले असते तर सहायक क्रियापद ‘हाट’ आलं असतं,” बाई म्हणाल्या. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुसला. “‘इस्ट’ आलं की अर्थ बदलतो. मग ते बिऱ्हाड हलवणं. घर सोडून जाणं.” मग नर्स म्हणाली, “चार वर्षांची आहे हो ती. एवढीशी पोरं चुकतात की.” “चुकतात,” बाई म्हणाल्या, “मोठेही चुकतात. हं, पुढचं कोण सांगतंय?” एवढ्या भराभर त्या एरवी कधी पुढे जात नसत. एकेका प्रत्ययासाठी माणसाला पाच पाच मिनिटं उभं करणाऱ्या त्या बाई, आणि आज त्याला दोन वाक्यांत सोडून दिलं. आजारी माणसाकडून डॉक्टरनं फी घेऊ नये तसं ते वाटलं. मागचा एक इंजिनियर उठला आणि आपण रविवारी पोहायला गेलो होतो असं सांगू लागला. श्विमेन, श्वाम, गेश्वोमेन. बाकावर बसून त्यानं आपल्या वहीत ते उतरवूनही घेतलं. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं, याचं त्याला नवल वाटलं.

वर्ग सुटल्यावर तो चालत निघाला. संध्याकाळची दुकानं उजळली होती, रस्त्यावर खणलेल्या चरावर फळ्या टाकल्या होत्या आणि माणसं एकेक करून त्यावरून जात होती. तोही रांगेत उभा राहिला, आणि फळी पायाखाली लवली तेव्हा त्याला आपलं रविवारचं हसणं ऐकू आलं. तो नुसता हसला नव्हता. फोन हातात धरून तो स्वयंपाकघराकडे ओरडला होता, “अगं ऐकलंस का, जावईबापू कपडे काढून बसलेत म्हणे!” आत नळ सुरू झाला होता. बायको हसली नव्हती. पडद्यावर नातीचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता, ती त्याच्या हसण्याला हसत होती, आणि बाजूनं लेकीचा हात आला होता. नुसता हात. फोन उचलला गेला, छत दिसलं, दिव्याची तार दिसली. “बाबा, तिची अंघोळ व्हायचीय. ठेवते हं.” त्यानं विचारलं होतं, “बरं आहे ना सगळं?” आणि ती म्हणाली होती, “हो.” दर रविवारी म्हणायची तसंच. आता फळीवरून पलीकडे पाय ठेवताना त्याला वाटलं, त्या ‘हो’च्या आधीचा श्वास आपण ऐकला होता. ऐकला होता आणि सोडून दिला होता.

नातीसाठीच तो या भानगडीत पडला होता. दीड वर्षापूर्वी ती फोनवर काहीतरी लांबलचक विचारत होती आणि तो “हो हो, हो हो” करत होता, शेवटी लेक म्हणाली, “बाबा, ती विचारतेय तुमच्या घरात मांजर का नाही.” त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन वर्गात नाव घातलं. सत्तावन्नाव्या वर्षी. दुकानाचा मालक म्हणाला, म्हातारचळ लागला काय तुम्हाला. पण क्रियापदांनी त्याला धरून ठेवलं. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की या भाषेत दोन जातीची क्रियापदं असतात. एक दुबळी, त्यांना भूतकाळात जायचं तर मागे शेपूट लावावं लागतं, बाकी जशीच्या तशी राहतात. दुसरी बलवान; त्यांना शेपूट लागत नाही, ती आतून बदलतात, पोटातला स्वरच पालटतो, आणि त्यांना नियम नाही, पाठच करावी लागतात. त्याला ते फार आवडलं होतं. आपल्यातही आहेत की, असं त्याच्या मनात आलं होतं. जा, गेला. ये, आला. हो, झाला. ज कुठे, ग कुठे. पण लहानपणापासून तोंडात बसल्यानं कुणाला खटकत नाही. चष्म्याच्या जुन्या नंबरांच्या कार्डांमागे तो एकेक क्रियापद लिहायचा आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये म्हणायचा. बिंडेन, बांड, गेबुंडेन: बांधणे. हे तर जवळजवळ आपलंच. श्वायगेन, श्वीग, गेश्वीगेन: गप्प राहणे. यासाठी त्यांच्याकडे एक अख्खं क्रियापद आहे, आपल्याला राहणे घ्यावं लागतं, जणू गप्प ही राहायची जागा आहे. त्सीएन, त्सोग, गेत्सोगेन: ओढणे. त्याच्या पुढे ‘आउस’ लावलं की बाहेर ओढणे. अंगातून कपडा बाहेर. घरातून माणूस बाहेर. त्याच कार्डावर त्यानं एकच अर्थ लिहिला होता, कारण तेव्हा जागा तेवढीच उरली होती.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. ती दिव्याखाली बसून लोकर गुंडाळत होती, म्हणाली, “आज उशीर?” तो म्हणाला, “चालत आलो.” एवढंच. जेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, हिला बिचारीला काहीच माहीत नाही, आपण एकट्यानंच हे उचलायचं आहे. आणि त्या विचारात दुःखाबरोबर किंचित मोठेपणाही होता, हे त्याला त्या वेळीही जाणवलं. अंथरुणावर पडल्यावर त्यानं हिशेब मांडून पाहिला, की विचारायचं कसं. फोन करून विचारावं, ‘जावई घर सोडून गेला का?’ ती ‘हो’ म्हणेल. मग? मग आपण म्हणू, ‘परत येतेस का?’ ती ‘नाही’ म्हणेल, किंवा ‘हो’ म्हणेल. दोन्ही उत्तरांच्या पलीकडे त्याला काही दिसेना. अंधारात तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला. आपल्या तपासणीच्या खोलीसारखंच हे, असं त्याला वाटलं. ती खोली जेमतेम दहा फुटांची. अक्षरांची पाटी माणसाच्या डोक्यामागे टांगलेली, समोर आरसा. माणूस आरशात बघतो आणि अक्षरं वीस फुटांवर असल्यासारखी दिसतात. इतकी वर्षं तो त्या आरशातल्या लांबीच्या भरवशावर तिथे उभा होता. हात लांब केला तर मात्र दोन पावलांवर भिंत लागायची.

लेक लहान असताना शाळेतून थेट दुकानात यायची आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायची. तिचं घरातलं नाव गप्पू. ते ‘गप्पा’वरून पडलं असं बायको म्हणायची आणि ‘गप्प बस’वरून पडलं असं तो, आणि पाहुण्यांसमोर हा विनोद दोघं मिळून करायची. तिची बडबड अखंड चालायची. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर तिनं विचारलं होतं, “बाबा, ज्यांना दोन्हीतलं कुठलंच बरं वाटत नाही, ती माणसं काय म्हणतात?” तो म्हणाला होता, “त्यांना काहीतरी एक म्हणावंच लागतं.” त्याला हे उत्तर तेव्हा चोख वाटलं होतं. त्याची सगळीच उत्तरं चोख होती. ती शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि आठ वर्षांपूर्वी फोनवर तिनं तिथल्याच त्या उंच मुलाशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा बायको रडत होती, पण त्यानं फोन हातात घेऊन शांतपणे विचारलं होतं, “आम्ही नको म्हटलं तर थांबशील? हो की नाही, एवढंच सांग.” “नाही,” ती म्हणाली. “मग प्रश्नच मिटला,” तो म्हणाला, आणि पुढे कित्येक दिवस ही गोष्ट त्यानं दुकानात येईल त्याला सांगितली, बघा, मी काही आडवा आलो नाही. लेकीला त्या वेळी आणखी काही सांगायचं होतं का, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. प्रश्न मिटला होता. आता त्याला वाटलं, केवढा विचित्र शब्द आहे हा. डोळा मिटतो तसा प्रश्न मिटतो.

बुधवारी दुकानात एक शिवणकाम करणारी बाई आली. वय झालेलं, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. तो भिंगं बदलत गेला, हे बरं की हे, हे की हे, आणि ती प्रत्येक वेळी “सारखंच” म्हणत गेली. एरवी तो चिडला असता. त्या दिवशी त्याचा हातच थांबला, आणि नकळत त्याच्या तोंडून गेलं, “मग तुम्हाला काय दिसतं? सांगा बरं.” बाई गोंधळली. मग म्हणाली, “सुईचं भोक दिसतं हो मला. दूरची बसही दिसते. कापड पाटावर पसरलं की कात्री कुठे जातेय तेवढं नाही दिसत.” हातभर अंतर. तेवढंच तिचं निसटलं होतं, आणि ते मोजायला त्याच्या पाटीवर अक्षरच नव्हतं. त्यानं टेबलावर कागद पसरून, तिच्या हातात कात्री देऊन नंबर काढला. बाई खूश होऊन गेली. तो मात्र स्टुलावर बसून राहिला. एकतीस वर्षांत किती माणसं ‘सारखंच’ म्हणून, शेवटी कंटाळून ‘बरं, दुसरं’ म्हणून चुकीचा चष्मा लावून गेली असतील, याची मोजदाद करायची त्याला हिंमत झाली नाही.

शुक्रवारी वर्गात जाऊ नये असं वाटत होतं, पण घरी थांबलं तर बायको का म्हणून विचारील, म्हणून तो गेला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. त्या दिवशी मोकळे प्रश्न होते. बाई म्हणाल्या, “ज्याचं उत्तर हो किंवा नाही असतं तो बंद प्रश्न. कुठे, केव्हा, किती ही अर्धी उघडी दारं, एका शब्दात उत्तर देऊन माणूस आतच राहतो. मोकळा प्रश्न म्हणजे काय, कसं. आता शेजाऱ्याला पाच मिनिटं विचारा. बंद प्रश्न विचारायचा नाही.” त्याच्या वाट्याला नर्स आली. त्यानं विचारलं, तू आज ड्यूटीवर होतीस का? मग, खूप काम होतं का? मग, तुला तिकडे जायचंय ना? नर्स हसायला लागली. म्हणाली, “काका, तुम्ही पोलिसात होता का हो?” तोही हसला, पण घाम आला होता. ‘वी’ म्हणजे कसं, ‘वास’ म्हणजे काय; त्यांच्याबरोबर वाक्य उचलायला जावं आणि ते हातात येईपर्यंत पुन्हा हो-नाहीच्या साच्यात जाऊन पडावं. भाषेचा दोष नव्हता. मराठीत तरी तो काय विचारत होता? जेवलीस का? थंडी आहे का? बरं आहे ना? हा शेवटचा ‘ना’ तर कडीच होता. प्रश्न विचारायचा आणि बाहेरून कडी घालून घ्यायची, म्हणजे आतल्या माणसाला ‘हो’खेरीज काही म्हणताच येऊ नये. आणि ‘का’. वाक्याच्या शेवटी ठेवला की तो दार लावून घेतो, ‘निजलीस का’. तोच सुरुवातीला आणला की सताड उघडतो, ‘का निजली नाहीस’. एवढा एक शब्द इकडचा तिकडे करायला आपल्याला जमलं नाही.

शनिवारी दुकान दुपारपर्यंतच असायचं. तो घरी आला तेव्हा बायको पलंगावर खोका ठेवून लेकीसाठी पार्सल भरत होती. दरवर्षी थंडीच्या तोंडावर ती तिघांचे स्वेटर पाठवायची. जावयाचा विणायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, त्याच्या बाह्या म्हणजे दोन नद्या असं ती म्हणायची. खोक्यात एक लहान लाल स्वेटर होता आणि एक निळा, लेकीच्या मापाचा. लोकरीचे गुंडे संपले होते. सुया दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. त्यानं दोन स्वेटर पाहिले, बांधलेल्या सुया पाहिल्या, आणि त्याला रविवारचा तो नळ आठवला.

“यात जावयाचा नाही?” त्यानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. मग स्वेटरची घडी मोडून ती पुन्हा घालायला लागली.

“तुला माहीत आहे.”

“हो.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. खोका थोडा कलंडला, तिनं तो हातानं धरला. “केव्हापासून?”

“चार महिने झाले. तो गेला त्याच दिवशी सांगितलं तिनं मला. तुम्ही दुकानात होतात.”

चार महिने. म्हणजे सोळा-सतरा रविवार. प्रत्येक रविवारी त्यानं फोनवर विचारलं होतं, ‘जावई बाहेर गेलाय वाटतं?’ आणि लेक ‘हो’ म्हणाली होती, आणि ही इथे शेजारी भाजी निवडत बसली होती. या आठवड्यात आपण हिला वाचवत होतो, हिच्यासमोर हसरा चेहरा करून जेवत होतो. आणि ही चार महिने तेच करत आली होती, जास्त सफाईनं. त्याला एकदम त्या दोघींचं एक वेगळंच घर दिसलं, त्याच्याच घराच्या आत, ज्याच्या भिंतींना तो रोज पाठ टेकून बसत होता.

“मला का नाही सांगितलंत?”

बायकोनं निळ्या स्वेटरची बाही आत दुमडली. ती काही भांडखोर बाई नव्हती. पस्तीस वर्षांत तिनं त्याला दुखावलं असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी. ती म्हणाली, “तीच नको म्हणाली. म्हणाली, बाबांना सांगितलं तर ते एकच विचारतील, परत येतेस का. हो की नाही. आणि आई, मी इतकी दमलेय की मी हो म्हणून बसेन. मग बाबा तिकिटं काढतील, बाहेरची खोली रंगवून घेतील. सगळं नीट करतील ते. आणि मी त्या खोलीत बसेन. जन्मभर.” तिनं खोक्याचं झाकण मिटलं. “मला तिचं पटलं. तुम्ही वाईट विचारलं असतंत असं नाही. पण तेच विचारलं असतंत.”

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. आपण रागावलो आहोत असं त्याला वाटत होतं, पण राग धरायला कुठे जागाच सापडेना. खोलीत इस्त्रीचे कपडे होते, जुना पंखा होता, भिंतीला ओल आली होती. मंगळवारच्या रात्री, अंथरुणात, त्यानं ही खोली खरंच मनात रंगवून टाकली होती. फिकट पिवळा. नातीसाठी खिडकीला जाळी. तो त्या ओल्या भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याला वाटलं, आपली पोर आपल्याला इतकं ओळखते. आणि ओळखते म्हणूनच आपल्यापासून पळते. बाहेर कुणीतरी मोटार धूत होतं. पाण्याचा फवारा पत्र्यावर आदळल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली, कप खिडकीत ठेवला, आणि जाता जाता म्हणाली, “उद्या बोला तिच्याशी. पण विचारू नका काही.” विचारायचं नाही, तर बोलायचं काय? विचारणं सोडून त्याला दुसरं बोलणंच माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यानं फोन लावला. खिशात तीन कार्डं होती, त्यांवर तीन मोकळे प्रश्न लिहून आणले होते, व्याकरण दोनदा तपासून. लेकीचा चेहरा आला. केस वर बांधलेले, कपाळाला धूळ. “बाबा, आज लवकर?” ती म्हणाली. त्यानं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

“गप्पू, त्या दिवशी मी हसलो,” तो म्हणाला. “मला तो शब्द ठाऊक नव्हता. म्हणजे ठाऊक होता, पण दुसऱ्या अर्थानं. बाईंनी मंगळवारी सांगितलं.”

पडद्यावरचा चेहरा हलला नाही. त्याला वाटलं, जोडणी तुटली. मग ती म्हणाली, “आईनं काल सांगितलं मला, तुम्हाला कळलंय म्हणून.” कपाळाची धूळ पुसत म्हणाली, “तुम्ही हसलात ना, तेव्हा मी भांडी पुसत होते. इथे ती ते वाक्य सगळ्यांना सांगते हो. दुकानात, बसमध्ये, शेजारणीला. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा असा होतो, की मलाच त्याला सावरून घ्यावं लागतं. तुम्ही पहिले हसलात. मला बरं वाटलं, खरंच.”

त्याच्या घशाशी दोनच प्रश्न आले, नेहमीचे, तयार, धार लावलेले. परत येतेस का. मी येऊ का. त्यानं ते गिळले. मग जी जागा झाली ती इतकी रिकामी होती की तिच्यात उभं राहणं अवघड झालं. “आत्ता काय चाललंय तुझं?” तो शेवटी म्हणाला.

“आत्ता? आत्ता कपाट हलवतेय. आमच्या खोलीतलं मोठं. अर्धं रिकामंच झालंय, तर म्हटलं बाहेर काढावं आणि तिथे हिचं टेबल लावावं. पण एकटीला हलत नाही नीट.” तिनं नातीला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला. “आजोबांना धर. सोडू नकोस.” आणि ती आत गेली.

त्यानंतर जे झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. छत. नातीची हनुवटी. लाकडी जमिनीवर काहीतरी जड घासल्याचा आवाज, मग लेकीचा कण्हल्यासारखा जोर. दाराची चौकट, आणि तिच्यात येऊन बसलेलं कपाट, तिरपं. पुन्हा आवाज. मग धक्का. मग काही नाही. कपाट चौकटीत अडकलं होतं, आणि लेक पलीकडे, खोलीत. नात आणि फोन अलीकडे. त्याचे खांदे आपोआप पुढे आले होते, तळहात उघडे झाले होते, जणू टेबलाच्या या कडेपासून जोर लावला तर तिथे पोचेल. खण काढलेस का, खालून उचल, डावीकडे वळव, सगळी वाक्यं एकदम तोंडात आली. जे त्याला धड दिसतही नव्हतं त्या कपाटाबद्दल यांतलं एकही खरं असेल असं नव्हतं. बायको केव्हाची येऊन त्याच्या मागे उभी होती. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“वास झीस्ट डू?” त्यानं नातीला विचारलं. तुला काय दिसतं?

नात गंभीर झाली. तिनं नीट पाहिलं, मग सांगायला लागली. कपाट दिसतं. तपकिरी. कपाटाच्या वर एक फट आहे. फटीतून खिडकी दिसते. मामाचे, म्हणजे मम्माचे, केस दिसतात. खूप भराभर बोलली ती. निम्मं त्याला कळलं, निम्मं सुटलं. पण तो मध्ये बोलला नाही. ‘उंट?’ तो म्हणाला, म्हणजे आणि? आणि मम्माचा हात, ती म्हणाली. कपाट आणि भिंतीच्या मधून मम्मानं हात बाहेर काढलाय. “तिचा हात माझ्या हातात आहे,” हे वाक्य त्याला अख्खं कळलं. कारण त्यात एकही अवघड क्रियापद नव्हतं.

मग पलीकडून लेकीचं हसू ऐकू आलं, किंवा रडू. कपाटाच्या मागून ते सारखंच येत होतं, आणि या खेपेला त्यानं कुठलं ते ठरवायचा प्रयत्न केला नाही.

“बाबा,” ती आतून मराठीत ओरडली, “मी अडकले इथे. खाली शेजारीण राहते, पण ती बारापर्यंत घरी येत नाही.”

“मग?” तो म्हणाला.

“मग माहीत नाही. बसते जरा. बसून सांगते तुम्हाला सगळं. नाहीतर नाही सांगत, बघू. तुम्ही ऐकताय?”

तो “हो” म्हणाला. बायकोनं शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली. पलीकडे, कपाटामागे, लेक जमिनीवर बसल्याचा आवाज आला. पाठ लाकडाला टेकली असावी. पडद्यावर नुसतं तपकिरी दिसत होतं, आणि त्या तपकिरीच्या कडेला दोन हात, एक मोठा, एक लहान. इकडे दुपार कलत होती, फोनची बॅटरी निम्म्यावर आली होती, आणि बायकोनं उठून, आवाज न करता, चार्जरची वायर आणून फोनला जोडली.

“ठेवू नका हं बाबा,” आतून आवाज आला. “तो जायच्या खूप आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात काय झालं माहितीये...”